'याचि देही याचि डोळा' : त्या 'चि'विषयी

विचारणा अशी आहे. एका वाचकाचे आजोबा गेल्या वर्षी गेले. वर्षश्राद्धाला त्यांच्या वहीतल्या नोंदींची छोटी पुस्तिका काढायचं घरच्यांनी ठरवलं आहे. शेवटच्या आजारपणात आजोबांनी एका पानावर एवढंच लिहून ठेवलं होतं : "याचि देही याचि डोळा कळलं तर कळलं." अक्षरजुळणी करणाऱ्याने त्याचं 'याची देही याची डोळा' केलं. नातवाला तीन गोष्टी हव्या आहेत. बरोबर काय? 'याची' म्हणजे कोणाची? आणि आयुष्याचं गूढ मरणाआधी उकलू शकतं असं हा शब्दप्रयोग खरोखर म्हणतो का, की 'प्रत्यक्ष पाहिलं' एवढाच त्याचा अर्थ आहे?

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर व्याकरणात आहे आणि ते सरळ आहे. इथे षष्ठीची, म्हणजे मालकी दाखवणारी, 'याची' नाहीच. 'देह' पुल्लिंगी, 'डोळा'ही पुल्लिंगी. षष्ठी असती तर 'याच्या देही, याच्या डोळा' असं झालं असतं, जसं आपण 'त्याच्या घरी', 'तिच्या दारी' म्हणतो. 'याची देही' हे षष्ठी म्हणून जुळतच नाही. तेव्हा शब्द फोडायचा तो 'या + चि' असा. 'या' हे 'हा'चं सामान्यरूप आणि 'चि' हा जोर देणारा निपात, म्हणजे रूप न बदलणारा छोटा शब्द. आजच्या मराठीत सांगायचं तर : याच देहात, याच डोळ्यांनी.

हा 'चि' म्हणजे आपल्या आजच्या 'च'चं जुनं रूप. 'हेंचि दान देगा देवा', 'तोचि साधु ओळखावा, देव तेथेंचि जाणावा' या ओळी आपल्याला तोंडपाठ असतात, त्यातला 'चि' हाच. त्याच्याही मागे गेलं तर प्राकृत लागते. हेमचंद्राने बाराव्या शतकात प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात अवधारणासाठी, म्हणजे 'हेच, दुसरं नाही' असं ठासून सांगण्यासाठी, 'चेअ', 'चिअ', 'च्च' हे निपात दिले आहेत. संस्कृतात जिथे 'एव' येतं तिथे प्राकृतात हे येतात. 'एव' या शब्दाकडे आपण पुन्हा येऊ, कारण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

'देही' आणि 'डोळा' या दोन्ही शब्दांच्या डोक्यावर पूर्वी अनुस्वार होता : देहीं, डोळां. 'देहीं' ही सप्तमी, 'घरीं', 'दारीं' यांसारखी. 'डोळां' म्हणजे डोळ्यांनी. प्रत्यय न लावता नुसत्या अनुस्वारावर भागवणारं हे जुनं अनेकवचनी रूप आहे. 'पाया पडणे' यातलं 'पाया' हेही मुळात 'पायां'च आहे, म्हणून दोन्ही पायांना हात लावूनसुद्धा आपण 'पाया' पडतो. अनुस्वार गेल्यामुळे आणखी एक घोटाळा होतो. काही जण 'देही' हा गीतेतला 'देही', म्हणजे देह धारण करणारा आत्मा, असा समजतात. तसा अर्थ इथे नाही. इथला देह म्हणजे हाडामांसाचा, औषधं घेणारा, थकणारा देह.

मग 'याची' आलं कुठून? अडाणीपणातून आलं असं मी म्हणणार नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनाने मान्य केले. उच्चारात नसलेले अनुस्वार त्यांनी काढून टाकले आणि शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायला सांगितलं. हा नियम हाताला इतका बसला आहे की 'याचि' दिसलं की बोटं आपोआप 'याची' टंकतात. पण त्याच नियमावलीत असंही सांगितलं आहे की केशवसुतांच्या पूर्वीचं पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचं गद्य मुळाप्रमाणे छापावं. संतांच्या मराठीतून जसाच्या तसा आलेला हा शब्दप्रयोग त्या सवलतीत बसतो असं माझं मत आहे. मोडी लिपीत तर इकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेदच नव्हता, त्यामुळे एका वेलांटीवरून कुणाला अशुद्ध ठरवावं असं मला वाटत नाही. माझा आग्रह वेगळ्या कारणासाठी आहे. 'याची' लिहिलं की वाचणारा 'कोणाची?' असं विचारतो, आणि त्या प्रश्नात 'चि' हरवतो. नातवाचंही तेच झालं.

आता तिसरा प्रश्न. खरं तर मी लिहायला बसलो तो याच्यासाठी.

आषाढात वर्तमानपत्रं उघडली की 'याची देही याची डोळा अनुभवला रिंगण सोहळा' असे मथळे दिसतात. क्रिकेटच्या सामन्याला, गडावरच्या सूर्योदयाला, नातवाच्या मुंजीलाही हाच प्रयोग चालतो. त्यात वाईट काही नाही. शब्द वापरात राहतो तो असाच. पण या वापरात सगळं वजन 'डोळा' या शब्दावर पडतं : मी तिथे होतो, मी पाहिलं. संतांच्या तोंडी वजन होतं ते 'याचि'वर. पुढच्या जन्मी मिळणाऱ्या देहात नाही, मेल्यावर नाही, कुठल्या तरी लोकी गेल्यावर नाही. ह्याच. समोरच्याचं म्हणणं खोडून काढायला निघालेला हा शब्द आहे. मोक्ष ही मरणोत्तर मिळायची गोष्ट आहे, आत्ता फक्त पुण्य साठवायचं, असं जे सांगितलं जात होतं त्याला हा दोन अक्षरांचा विरोध आहे.

हा वाद मराठीच्या जन्माच्या कितीतरी आधीचा आहे. कठोपनिषदात नचिकेता नावाचा मुलगा यमाच्या दारात जाऊन तिसरा वर म्हणून मरणाचाच प्रश्न टाकतो : माणूस मेल्यावर तो असतो असं काही म्हणतात, नसतो असं काही म्हणतात, ते मला सांग. यम टाळाटाळ करतो. पूर्वी देवांनाही याबद्दल संशय होता म्हणतो, हत्ती-घोडे-सोनं-आयुष्य देऊ करतो, आणि शेवटी 'मरणं मानुप्राक्षीः' म्हणतो, मरणाबद्दल मात्र विचारू नकोस. पोरगं हटत नाही. पुढे याच उपनिषदात ती ओळ येते : 'इह चेदशकद् बोद्धुं प्राक् शरीरस्य विस्रसः'. शरीर गळून पडण्याच्या आधी, इथे, जर समजून घेता आलं तर. पाहा, नातवाचा प्रश्न जसाच्या तसा आहे : मरणाआधी कळू शकतं का? आणि वाक्यात 'चेत्' आहे, म्हणजे 'जर'. या 'इह'चा अर्थ शंकराचार्य भाष्यात 'जीवन्नेव' असा करतात, म्हणजे जिवंतपणीच. गीतेच्या पाचव्या अध्यायातही 'इहैव' आणि 'प्राक् शरीरविमोक्षणात्' हे शब्द एकाच श्लोकात येतात : इथेच, शरीर सुटण्याच्या आधी. जीवन्नेव, इहैव. 'एव' दोन्हीकडे आहे (जीवन् + एव, इह + एव). हाच 'एव'चा जोर पुढे मराठीत 'चि' होऊन 'याचि' मध्ये बसला. शब्दांची वंशावळ थेट एकातून एक अशी नाही, अर्थाची मात्र सरळ रेघ आहे.

त्या संस्कृत ओळीतला 'बोद्धुम्' माझ्या फार आवडीचा, कारण तो आपल्या घरात रोज वावरतो. धातू 'बुध्'. त्याच्या 'संबुध्यते' या रूपातून आपलं 'समजणे' आलं. 'ध्य'चा 'ज' होणं मराठीत नेहमीचं आहे, 'संध्या'ची 'सांज' झाली ती तशीच. म्हणजे यमाच्या दारातलं क्रियापद आणि 'काय रे, समजलं का?' यातलं क्रियापद एकाच घराण्यातलं.

पण मराठीने त्या क्रियापदाचं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. 'मला समजलं' आणि 'मी समजलो' यांत आपण फरक करतो. 'मला समजलं की तो आला' म्हणजे तो खरंच आला. 'मी समजलो की तो आला' म्हणजे बहुधा तो आलाच नव्हता, माझी समजूत झाली होती. कर्ता म्हणून 'मी' पुढे झालो की समजणं डळमळतं. 'कळणे', 'उमगणे', 'उमजणे' यांनाही बहुधा 'मला'च लागतं. मी कळतो असं आपण म्हणत नाही, मला कळतं. कळणं माझ्याकडे येतं, मी ते करत नाही. आयुष्याचं कोडं जिवंतपणी सुटेल का, या प्रश्नावर मराठीच्या विभक्तीने आपल्या परीने मत देऊन ठेवलं आहे : प्रयत्न करून कळवून घेता येईल अशी ही गोष्ट नव्हे.

'पाहणे' मात्र वेगळं. तिथे करणारा लागतो. आणि म्हणून तुकारामांची ही ओळ मला व्याकरणासाठीसुद्धा थक्क करते : 'आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां । तो जाला सोहळा अनुपम्य'. आपलं मरण मला 'कळलं' असं ते म्हणत नाहीत. 'पाहिलें म्यां', मी पाहिलं. 'म्यां' ही 'मी'ची तृतीया, पाहणाऱ्याला साक्षीला उभं करणारी. मरणारा आणि पाहणारा एकच असेल तर कुणीतरी मागे उरलं पाहिजे, नाहीतर पाहिलं कोणी? पुढे त्याच अभंगात ते सांगतात की अहंकाराने एका जागी अडकून होतो, त्याच्या त्यागाने हा सुकाळ झाला. मेला तो 'मी' हा, देह नव्हे. देह होता म्हणून तर डोळे होते, आणि डोळे होते म्हणून पाहिलं. 'याचि डोळां'ला एवढा अर्थ आहे.

याच्या अगदी उलट बाजूला आपली म्हण उभी आहे : 'आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही'. ही म्हण आपण वापरतो ती 'स्वतः केल्याशिवाय काम होत नाही' या अर्थाने, आणि तिचा जोर 'आपण' या शब्दावर असतो. पण शब्दशः वाचली तर ती 'याचि देही'शी सरळ भांडते. जिवंत डोळ्यांना काही दिसायचं नाही, आधी मरा. मला या दोघींमध्ये एक जागा जोडणारी दिसते. दोन्हीकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी चालत नाही. गुरूने पाहिलं, आजोबांनी पाहिलं, पोथीत लिहिलं आहे, यावर ना म्हण समाधानी आहे ना संत. दासबोधात समर्थ 'प्रचितीविण जें बोलणें, तें अवघेंचि कंटाळवाणें' म्हणतात तेही हेच. (आणि त्या 'अवघेंचि'मध्ये पुन्हा आपला 'चि'.)

तेव्हा उत्तर असं. हा शब्दप्रयोग मुळात 'प्रत्यक्ष पाहिलं' एवढंच सांगत नाही. मरणाआधी, याच शरीरात, पाहता येतं असा दावा तो करतो. काय दिसतं ते मात्र तो सांगत नाही. 'देही' आणि 'डोळा' या दोन जागा तो देतो, कर्म रिकामं ठेवतो. मथळ्यांमध्ये त्या रिकाम्या जागी रिंगण बसतं, सामना बसतो. जुन्या मराठीत तिथे मुक्ती होती, विठ्ठल होता, तुकारामांकडे स्वतःचं मरण.

आता आजोबांचं वाक्य. 'याचि देही याचि डोळा' यानंतर आपला कान 'पाहिलं'ची वाट बघतो, आणि त्यांनी 'कळलं' लिहिलं. डोळ्यांनी दिसतं, कळत नाही. ही चूक असती तर त्यांच्या पिढीच्या माणसाला ती खटकली असती, असं मला वाटतं. संतांच्या मराठीतला 'मी पाहिलं' हा दावा त्यांनी उचलला नाही, 'कळलं तर कळलं' एवढंच म्हटलं. क्रियापद नम्र केलं. पण 'चि' सोडला नाही, आणि तोही दोनदा. शिवाय मध्ये 'तर' ठेवला, कठोपनिषदातल्या 'चेत्'सारखा. 'कळलं तर कळलं' याचे मराठीत दोन सूर निघतात. एक, कळलं तर उत्तम, नाही तर नाही, मला तक्रार नाही. दुसरा, कळायचं तर आत्ताच, नंतर कळण्याला अर्थ नाही. कुठला सूर होता ते ज्यांनी त्यांचा आवाज ऐकला आहे त्या घरच्यांनाच सांगता येईल. आजी असतील तर त्यांना ते वाक्य मोठ्याने वाचायला सांगा, त्या कुठे थांबतात ते ऐका.

पुस्तिकेत वहीतलंच ठेवा : याचि देही याचि डोळा, दोन्ही 'चि' ऱ्हस्व. अनुस्वार आजोबांनी दिले नसतील तर तुम्हीही देऊ नका. आणि मुद्रितं तपासताना ती ओळ शेवटची एकदा पाहा, कारण संगणक ती पुन्हा दीर्घ करून ठेवील.