शिल्पासारखे पोशाख कलाकृती म्हणून मांडलेले असतात, तेव्हा ते बघायचे कसे?

तुमचा प्रश्न असा आहे की पुतळ्यांवर चढवलेले ते अवाढव्य पोशाख बघताना नेमकं काय बघायचं, आणि ती कला म्हणायची की नुसती फॅशन. मी पुण्यात प्रायोगिक नाटकांचा कपडेपट सांभाळते, त्यामुळे माझं उत्तर शिवणाऱ्याच्या बाजूने झुकलेलं असेल.

मी पाटी आधी वाचत नाही. यातला माणूस बघणार कुठून, श्वास कुठून घेणार, हात कुठून बाहेर काढणार, हे आधी शोधते. मग मागे जाते. हुक आहेत, चेन आहे, की माणसाला आत घालून वरून टाके मारलेत? वजन खांद्यावर पेललंय की कमरेवर? भरत नाट्य मंदिराच्या विंगेत अंधारात कपडे बदलून दिले की ही नजर आपोआप येते.

शिकागोचा कलाकार निक केव्ह (गायक निक केव्ह वेगळा) याचे ‘साउंडसूट’, म्हणजे अंग पूर्ण झाकणारे आणि हलल्यावर वाजणारे पोशाख, बघा. 1991 मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला बेदम मारलं. त्या अस्वस्थतेत केव्हने बागेतल्या काटक्या गोळा केल्या आणि पहिला सूट घडवला. करताना तो त्याला शिल्पच समजत होता; अंगात घालून हलल्यावर तो वाजला आणि नाव मिळालं. आतल्या माणसाचा रंग, लिंग, ऐपत बाहेरून काहीच कळत नाही. असा सूट गॅलरीत मुका उभा असतो ते मला खटकतं. शेजारी व्हिडिओ लावलेला असला तर तो चुकवू नका.

वाजणारा पोशाख आपल्याला नवा नाही म्हणा. पायात चाळ, कमरेला खणांचे तुकडे, हातात आसूड. पोतराज पेठेतल्या गल्लीत शिरायच्या आधी त्याचा आवाज पोचतो. पण तोच पोशाख उद्या कोणी काचेआड मांडला तर मी अवघडेन. केव्हने तो वेश स्वतः निवडला. पोतराजाच्या अंगावर तो बहुतेकदा नवसातून नाहीतर घराण्यातून आला, आणि मग पोटासाठी राहिला. पाटीवर हे लिहिलेलं नसेल तर नुसत्या रंगांचं कौतुक करण्यात काय अर्थ आहे?

कला की फॅशन याचं माझं उत्तर सरळ आहे : पोशाखाने अंगाला काही करायला भाग पाडलं का? जर्मन कलाकार ऑस्कर श्लेमरच्या 1922 च्या ‘ट्रायाडिक बॅले’ या नृत्यप्रयोगात पोशाख इतके ताठ आणि फुगीर आहेत की नाच कसा व्हायचा ते तेच ठरवतात. (माझ्याकडे नटाने हात वर जात नाही म्हटलं की मी निमूट बगल उसवते.) जपानी फॅशन डिझायनर रेई कावाकुबोने 1997 च्या कलेक्शनमध्ये पाठीवर, कमरेवर गाद्या भरून उंचवटे काढले. ते कपडे विक्रीसाठी होते, तरी माझ्या लेखी शिल्पच. नुसता मोठा आकार आणि चकचकीत फोम दिसला तर खुशाल पुढच्या दालनात जा.