कॉलेजात पिकलबॉल खेळायचंय? मग आजपासून हे बघ

प्रिय,

तू आता दहावीत आहेस, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजात जाईपर्यंत हातात जवळपास तीन वर्षं आहेत. भरपूर आहेत.

आधी पैशांचं बोलू, कारण घरी पहिला प्रश्न तोच निघेल. पिकलबॉल, म्हणजे पॅडल आणि छिद्रांच्या प्लास्टिक चेंडूने खेळायचा हा खेळ, अमेरिकेत एनसीएएचा (कॉलेजांच्या अधिकृत स्पर्धा चालवणाऱ्या संघटनेचा) नाही. बहुतेक विद्यापीठांत विद्यार्थीच त्याचा क्लब चालवतात, आणि शिष्यवृत्ती युटा टेकसारख्या मोजक्या ठिकाणी. त्यामुळे कॉलेज अभ्यास बघून निवड, क्लब नंतर.

कॉलेजच्या सांघिक लढतींत सहसा दोन मुलगे, दोन मुली असतात. एक सामना मुलांच्या दुहेरीचा, एक मुलींच्या आणि दोन मिश्र दुहेरीचे. 2-2 अशी बरोबरी झाली की ‘ड्रीमब्रेकर’: 21 गुणांची एकेरी, दर चार गुणांनी खेळाडू बदलतो आणि प्रत्येक रॅलीला गुण, सर्व्ह कुणाचीही असो. नुसती दुहेरी खेळून आलेली मुलं इथे उघडी पडतात. अख्खं कोर्ट एकट्याने धावायची पायांना सवयच नसते. आठवड्यातला एक दिवस एकेरीला दे. मिश्र दुहेरीत जोडीदाराच्या बाजूचे चेंडू पळवणारा मुलगा स्वतःची बाजू मोकळी सोडतो, आणि समोरचे नेमके तिथेच मारतात.

आपल्याकडची मुलं बहुतेक बॅडमिंटनचा नाहीतर टेनिसचा हात घेऊन येतात. बॅडमिंटनवाल्यांची प्रतिक्रिया झकास असते, पण मनगट झटकायची खोड जात नाही आणि डिंक (जाळीपाशी अलगद पलीकडे सोडायचा चेंडू) उंच उडतो. टेनिसवाले पॅडल फार मागे नेतात, म्हणून किचनजवळच्या चटचट व्हॉलीत उशिरा पोहोचतात. (किचन म्हणजे जाळीलगतचा पट्टा; तिथे उभं राहून व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधीचा फटका, मारता येत नाही.) दोघांनाही उपाय एकच: पकड ढिली, पॅडल छातीपुढे, फटका खांद्यातून.

सगळ्यात जास्त वेळ तिसऱ्या फटक्यावर घालव. सर्व्ह आणि रिटर्न दोन्हींना टप्पा पडू द्यावाच लागतो, त्यामुळे सर्व्ह करणारी जोडी मागे अडकते आणि समोरचे किचनच्या रेषेवर येऊन उभे राहतात. त्या रेषेपर्यंत पोहोचण्यासाठी ड्रॉप, म्हणजे मागून हळुवार मारून पलीकडच्या किचनमध्ये टाकलेला चेंडू. सराव किचनच्या रेषेपासून सुरू कर. सलग दहा चेंडू पलीकडच्या किचनमध्ये पडले की दोन पावलं मागे, असं करत बेसलाइनपर्यंत. चेंडूचा सर्वोच्च बिंदू आपल्या बाजूला हवा, म्हणजे जाळीवरून जाताना तो खाली येत असतो. तो बिंदू पलीकडे गेला की समोरच्याला आयता स्मॅश मिळतो. ड्रॉप मारून आंधळेपणाने पुढे धावू नकोस. समोरचा मारतो त्या क्षणी थांब, पाय रोव, मग पुढचं पाऊल.

शाळेत कोर्ट नसेल तरी अडत नाही. बॅडमिंटनचं दुहेरीचं कोर्ट 20 बाय 44 फुटांचंच असतं. फक्त त्याची पुढची सर्व्हिस रेषा जाळीपासून साडेसहा फुटांवर असते आणि किचन सात फुटांचं, म्हणून सहा इंच मागे नवी टेप लाव. नाहीतर पाय रेषेवर ठेवून व्हॉली मारायची सवय लागते, आणि खऱ्या स्पर्धेत तो फॉल्ट. जाळी मधोमध 34 इंच, खांबांपाशी 36.

डीयूपीआर रेटिंग (सामन्यांच्या निकालांवरून खेळाडूची पातळी सांगणारा आकडा) लवकर सुरू कर. एकेरीचं आणि दुहेरीचं वेगळं असतं, दोन्ही लागतील. कमकुवत खेळाडूंना हरवत बसून ते फारसं वाढत नाही, कारण अपेक्षित गुणांशी तुलना होते; वरच्या जोडीशी 9-11 हरणंही कधी फायद्याचं ठरतं.

बारावीच्या सुरुवातीला क्लबच्या विद्यार्थी-अध्यक्षाला ईमेल लिही: निवड चाचणी कधी, संघ किती, प्रवासखर्च कोण करतं. सोबत व्हिडिओ जोड, पण निवडक स्मॅशची माळ नको. न कापलेले दोन पूर्ण गेम पाठव, त्यातला एक हरलेला असला तरी चालेल.