वाचकांचे प्रश्न : इरिडानोस एक की दोन?

प्रश्न : ग्रीक पुराणकथेतला सूर्यपुत्र फेथॉन ज्या इरिडानोस नदीत कोसळला, ती म्हणजे इटलीतील पो नदी, असे वाचनात आले होते. अथेन्सला गेलो असता मोनास्तिराकी मेट्रो स्थानकात मात्र एक ओहोळ ‘इरिडानोस’ म्हणून दाखवला गेला. खरी नदी कोणती?

उत्तर : नाव एक असले तरी नद्या दोन आहेत, आणि आपण पाहिलेला ओहोळ अस्सल इरिडानोसच आहे. फेथॉनची नदी मुळात कथेतली. तिच्या तीरावर अंबर (झाडाचा गोठून दगड झालेला चीक) सापडते आणि ती उत्तरेच्या समुद्राला मिळते, असे लोक सांगत. पण हे नाव ग्रीक वळणाचे असून कुणा कवीने रचलेले आहे, असे ग्रीक इतिहासकार हिरॉडोटसने इ. स. पू. पाचव्या शतकातच बजावले होते. पुढे ते पो नदीला चिकटले.

अथेन्सची इरिडानोस लायकाबेटस टेकडीच्या उतारावर उगम पावते आणि प्राचीन बाजारपेठेच्या, म्हणजे अगोराच्या, उत्तर कडेने पश्चिमेला जाते. तिच्या काठच्या चिकणमातीवर कुंभारांची वस्ती उभी राहिली. कुंभाराच्या मातीला ग्रीकमध्ये ‘केरामोस’ म्हणतात. त्यावरून वस्तीचे नाव केरामैकोस पडले, आणि आपल्या न्हाणीघरातल्या फरशीचा ‘सिरॅमिक’ हा शब्दही त्याच कुळातला. इ. स. पू. 478 मध्ये अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीसने नगराचा तट बांधला, तेव्हा एल्युसिस या तीर्थक्षेत्राकडे जाणारा पवित्र मार्ग आणि ही नदी यांना एकाच वेशीतून वाट देण्यात आली.

एवढ्याशा प्रवाहाला शहराचा भार सोसला नाही, याचे वाईट वाटते. अथेन्सच्या कुमारिका इरिडानोसचे निर्मळ पाणी भरतात असे कुणी लिहिले तर हसू येईल, कारण त्या पाण्याला गुरेसुद्धा तोंड लावणार नाहीत, असे कवी कॅलिमॅकस म्हणत असे. हे नोंदवणाऱ्या भूगोलकार स्ट्रेबोने मात्र नदीची बाजू घेतली आहे : लायकेऑन या व्यायामशाळेजवळ, वेशीबाहेर, तिचे झरे गोड्या, स्वच्छ पाण्याचे आहेत, असे तो लिहितो. दोघांचेही खरे असू शकते, कारण एक उगमाजवळचे पाणी सांगतो आणि दुसरा बहुधा वस्तीतून गेलेले. रोमन काळात प्रवाहावर विटांची कमान चढवून त्याचे भुयारी गटार केले गेले. मेट्रोच्या खोदकामात सापडली ती हीच कमान.

पुन्हा अथेन्सला गेलात तर स्थानकापासून पश्चिमेला चालत केरामैकोसच्या अवशेषांत अवश्य जा. तिथे ही नदी आजही उघड्यावर वाहते, आणि तिच्या काठच्या गवतात कासवे दिसतात.