तेरा पूर्ण होण्याआधी

चिरंजीवास,

शालोम.

पाठांतराआधी तारीख पक्की कर. बार मित्सवासाठी, म्हणजे ज्यू मुलगा धर्माच्या आज्ञांना बांधील होतो त्या दिवसासाठी, हिब्रू तारखेने तेरा वर्षं पूर्ण व्हावी लागतात, इंग्रजी वाढदिवस चालत नाही. जन्म सूर्यास्तानंतरचा असेल तर दुसऱ्या दिवसाची तिथी लागते. हिब्रू कालगणनेत 19 वर्षांत 7 अधिक महिने येतात आणि ते अदारचेच असतात, म्हणून अदार महिन्यात जन्मलेल्यांनी प्रार्थना चालवणाऱ्या हझानसाहेबांना विचारूनच ठरवावं. आधी हॉल ठरवून मग तारीख बघणारी घरं कमी नाहीत!

समारंभ होवो न होवो, त्या दिवशी आज्ञा पाळण्याची जबाबदारी तुझ्यावर येते. म्हणूनच वडील ‘बारुख शेपेतारानी’ (‘ज्याने मला मोकळं केलं तो धन्य’) म्हणून तिच्यातून मोकळे होतात. आणि मिन्यानच्या, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या, दहा पुरुषांत तू मोजला जातोस. कोकणातल्या सिनेगॉगमध्ये (आपल्या प्रार्थनागृहात) दहा पुरुष जमवणं किती जड जातं, हे घरी विचार. नऊ जमले तर सेफेर तोराचं, म्हणजे धर्मग्रंथाच्या चर्मपत्री गुंडाळीचं, वाचन होत नाही.

शक्य असेल तर शनिवारऐवजी गुरुवार घे. त्या सकाळी वाचनाला तिघांनाच बोलावतात, वाचन छोटं असतं, तेफिलीनही (हातावर आणि डोक्यावर पट्ट्यांनी बांधायच्या, धर्मवचनं ठेवलेल्या डब्या) बांधता येतात आणि फोटोही काढता येतात. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, सात जणांना बोलावतात, तेफिलीन नसतात आणि कॅमेरा बंद.

तेफिलीनचा सराव महिनाभर आधी सुरू कर. उजवा असशील तर डाव्या दंडावर, डबी हृदयाकडे कललेली. घड्याळ काढ, कातडी आणि डबी यांच्यामध्ये काही नको. पुढच्या हाताला सात वेढे. मग डोक्याची डबी, केस उगवतात त्या रेषेच्या वर. बहुतेक मुलांची ती कपाळावर घसरते, कारण मागची गाठ सैल असते. आपल्या रिवाजात दोन्हींना मिळून एकच ब्राखा (आशीर्वचन), म्हणून मध्ये बोलायचं नाही. बोललास तर डोक्याच्या डबीसाठी वेगळी ब्राखा म्हणावी लागते. सोडताना उलटा क्रम, आधी डोक्याची.

खरी मेहनत वाचनाची. गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात, सुरांच्या खुणाही नसतात. देवनागरीत लिहून घोकलेलं तिथे दगा देतं, कारण ‘हे’ आणि ‘हेत’ ही दोन्ही हिब्रू अक्षरं आपण ‘ह’च लिहितो. ‘आलेफ’ आणि ‘आयिन’चीही तीच गत. सहा महिने हातात असतील तर हिब्रू अक्षरांवरूनच शीक. एका बाजूला चिन्हांसह आणि दुसऱ्या बाजूला कोरा मजकूर असलेलं पुस्तक मिळतं, त्यात कोरी बाजू वाच. चुकलास तर शेजारचे मोठ्याने दुरुस्त करतील. तो अपमान नव्हे, नियमच आहे. तेवढा शब्द पुन्हा म्हण आणि पुढे जा. वाचनाआधीची आणि नंतरची ब्राखा मात्र झोपेतही यायला हवी, घाईत मुलं त्यांचीच अदलाबदल करतात. चर्मपत्राला बोट लावू नकोस.

मलिदा, म्हणजे गोड पोहे आणि फळांचं ताट, ठेवणार असाल तर आईला सांग, पोहे भिजत घालायचे नाहीत, धुऊन निथळायचे, नाहीतर लगदा होतो. पंचवीस माणसांना अर्धा किलो पोहे, दोन नारळ, साखर, वेलची. फळांत केळं असेल तर त्याची ब्राखा जमिनीच्या फळांची, झाडाच्या नव्हे. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून जेवणात मटण असेल तर बिर्याणीत दही नको आणि नंतर पेढेही नकोत. नारळाचं दूध आहेच.

आणि शुक्रवारी सकाळचा गजर आदल्या रात्रीच लावून ठेव. तेफिलीन त्या दिवशीही बांधायचे आहेत.