सामाजिक संस्था आपल्या कामासाठी ऑनलाइन कोर्सचा वापर कसा करतात? आमच्या छोट्या संस्थेने कोणता प्लॅटफॉर्म घ्यावा?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की 150 स्वयंसेवकांना कमी खर्चात एकदम तयार करायचं आहे, आणि 'फंडरचाही तसा आग्रह आहे'. ते शेवटचं वाक्य वाचलं नसतं तर मी उत्तर लिहायला बसलेच नसते. प्लॅटफॉर्मचं नाव शेवटी सांगते. आधी एका टाचेबद्दल सांगू द्या.

मी सहा वर्षं एका संस्थेत प्रशिक्षणाचं काम बघत होते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी स्वयंसेवक पाठवायचे, हे संस्थेचं काम. रुग्णाची कूस बदलणं, अंग पुसणं, बेडसोअर (सतत पडून राहिल्याने दाबाच्या जागी होणारी जखम) होऊ न देणं आणि घरच्यांनाही ते शिकवणं. हे सगळं आधी आम्ही दोन दिवसांच्या शिबिरात शिकवायचो. एक पलंग, एक अनुभवी सिस्टर, आणि प्रत्येकाने पाळीपाळीने रुग्ण होऊन पडून राहायचं. दुसऱ्याच्या हातात आपलं अंग ढिलं सोडणं किती अवघड असतं, हे तिथे पहिल्या अर्ध्या तासात कळायचं.

मग एका वर्षी मोठा निधी आला आणि शिबिरं बंद झाली. त्यांच्या जागी ऑनलाइन कोर्सची 12 मॉड्यूल, म्हणजे धडे, प्रत्येकाच्या शेवटी क्विझ, 80 टक्के मिळाले की सर्टिफिकेट. व्हिडिओ बाहेरून आणलेले, वर आपल्या भाषेतला आवाज चढवलेला. तीन आठवड्यांत डॅशबोर्डवर आकडा दिसला: 96 टक्के जणांनी कोर्स पूर्ण केला. आमचे कार्यक्रमप्रमुख, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणायचे, त्यांनी तो आकडा अहवालाच्या पहिल्याच पानावर घेतला. 'मोठमोठ्या विद्यापीठांचे कोर्ससुद्धा शंभरातले पाच जण पूर्ण करत नाहीत,' असं ते भेटेल त्याला सांगायचे.

तसं पाहिलं तर ते खोटं बोलत नव्हते. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या प्लॅटफॉर्मवरच्या हार्वर्ड आणि एमआयटीच्या कोर्सचा सहा वर्षांचा हिशेब 2019 साली 'सायन्स' नियतकालिकात आला होता. 2017-18 मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम 3.13 टक्के लोक शेवटपर्यंत पोचले होते. पण तिथे कोर्स अर्धवट सोडला तर कुणाचं काही अडत नाही. आमच्याकडे सर्टिफिकेट जोडलं नाही तर प्रवासखर्चाचं बिल अडायचं. मला तर उरलेल्या चार टक्क्यांचंच आश्चर्य वाटायचं.

पुढे नोंदी उघडून बघितल्या. एका गटातल्या नऊ जणांनी एकाच रात्री, एकाच फोनवरून, एकापाठोपाठ एक कोर्स पूर्ण केला होता. पहिल्या लॉगिनला मॉड्यूलमागे वीस मिनिटं लागली होती, नवव्याला तीन. गटातला एक पोरगा सगळ्यांचे पासवर्ड घेऊन बसला होता. त्याचा मला अजिबात राग नाही. त्याने गटाचं बिल सोडवलं. मी नोंदी सरांपुढे ठेवल्या तर म्हणाले, 'अपवाद असतात.'

खरा हादरा मात्र कॉपी करणाऱ्यांनी दिला नाही. तो बसला मनापासून शिकलेल्या एका ताईंमुळे. त्यांनी बाराही मॉड्यूल स्वतः केली होती, वहीत टिपणं काढली होती, क्विझमध्ये पैकीच्या पैकी. त्यांच्याबरोबर मी एका घरी गेले. रुग्ण म्हणजे सत्तरीतले गृहस्थ, अर्धांगवायूमुळे डावी बाजू गेलेली. ताईंनी त्यांना काखेत हात घालून उशीकडे वर ओढलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते, तिथून त्यांची पाठ चादरीवर घासत सरकताना दिसली. असंच ओढल्याने कातडी आतून सुटते. खालची आडवी चादर दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून माणसाला उचलून सरकवायचं असतं. मॉड्यूल चारमध्ये ते होतं. ताईंनी ते पाहिलंही होतं. हातांना माहीत नव्हतं, एवढंच.

मग त्यांनी टाचांखाली उशी दिली. नेमकी टाचांखाली! उशी पोटरीखाली हवी, म्हणजे टाच अधांतरी राहते. उशी टाचेखाली गेली तर दाब तिथला तिथेच. व्हिडिओत पाय बाजूने दाखवला होता आणि फोनच्या पडद्यावर तो बोटभर दिसत होता. उशी कुठे संपते आणि टाच कुठे सुरू होते, हे त्यात कुणाला कळणार?

शेवटी माकडहाडाजवळ बघितलं. ताईंच्या तक्त्यावर तीन दिवस लिहिलेलं होतं, 'लाली नाही'. आणि खरंच लाली नव्हती. त्या गृहस्थांचा वर्ण काळासावळा. तिथली कातडी आजूबाजूपेक्षा किंचित गडद दिसत होती, बस. मी हाताची मागची बाजू टेकवली तर तेवढाच भाग गरम, आणि बोटांना जरा पिठासारखा मऊ लागत होता. सावळ्या अंगावर सुरुवातीचा बेडसोअर लाल दिसेलच असं नाही. दाबून बोट उचललं की पांढरं पडतं का, ही खूणही तिथे हमखास चालत नाही. स्पर्शाने ओळखावं लागतं. आमच्या व्हिडिओतली पाठ गोरीपान होती. ताई बारा मॉड्यूलभर लाल डाग शोधायला शिकल्या, आणि जे शिकल्या ते त्यांनी चोख केलं.

हे मी मीटिंगमध्ये सांगितलं. सगळे गप्प. मग सर माझ्याबद्दल हसून म्हणाले, 'ताईंना टेक्नॉलॉजीची जरा भीती वाटते.' त्या प्लॅटफॉर्मवर बाराच्या बारा मॉड्यूल चढवली होती मी. पासवर्ड विसरलेल्यांचे फोन घेत होते मी. असो.

प्रशिक्षणाच्या क्षेत्रात डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांची चार पायऱ्यांची मांडणी 1959 पासून सांगितली जाते: शिकणाऱ्याला कसं वाटलं, तो काय शिकला, कामात काय बदललं, आणि त्यातून शेवटी साधलं काय. या चारांत 'कोर्स पूर्ण केला' कुठेच बसत नाही. तरी अहवालात तोच रकाना असतो, कारण तो आपोआप भरला जातो. बेडसोअर किती कमी झाले, हे मोजायला कुणाला तरी घरोघर जाऊन चादर उचलावी लागते.

पुढे आम्ही काय केलं ते सांगते, त्यात तुमच्या प्रश्नाचं थोडं उत्तर आहे. भांडून शिबिर परत आणलं, पण दोन दिवसांऐवजी एकच दिवस. ऐकून-वाचून कळण्यासारखं सगळं आधी फोनवर पाठवायचं आणि शिबिराचा दिवस फक्त पलंगासाठी ठेवायचा. नंतर आठ आठवडे दर आठवड्याला एक काम: एकमेकींची कूस बदलताना मिनिटभराचा व्हिडिओ काढून गटावर टाका. सिस्टर तो बघून आवाजी निरोप पाठवायच्या, 'डावा हात खांद्याच्या अजून खाली जाऊ दे'. बाकीच्याही ऐकायच्या. दुसऱ्याची चूक ऐकून स्वतःची सुधारणाऱ्या खूप निघाल्या. सगळा कारभार साध्या मेसेजिंग ॲपवर चालायचा. ना डॅशबोर्ड, ना टक्केवारी, म्हणून सरांच्या लेखी ते 'ऑनलाइन लर्निंग' नव्हतंच. माझ्या मते संस्थेने तोवर केलेलं खरं ऑनलाइन लर्निंग तेवढंच होतं.

मोठ्या संस्थांचं म्हणाल तर व्हिडिओंतून मोफत शिकवणारी खान अकॅडमी 2008 साली ना-नफा संस्था म्हणून उभी राहिली. पण त्याआधी 2004 पासून तिचे संस्थापक सलमान खान (सिनेमातले नव्हेत) दूर राहणाऱ्या नात्यातल्या बहिणीला गणित शिकवत होते. म्हणजे कुणाचं कुठे अडतंय हे आधी माहीत होतं, व्हिडिओ नंतर आले. आमच्याकडे व्हिडिओ आधी आले. जागतिक आरोग्य संघटना काही सामाजिक संस्था नव्हे, पण तिने 2017 साली ओपनडब्ल्यूएचओ हे ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ सुरू करून ठेवलं होतं, म्हणून जानेवारी 2020 संपायच्या आत कोरोनावरचा पहिला कोर्स लोकांपुढे आला. नवीन माहिती घाईने हजारो प्रशिक्षित लोकांपर्यंत पोचवायची असेल तर ऑनलाइनला तोड नाही, हे मीही मान्य करते. नियम, हिशेबाच्या पद्धती, मुलांच्या सुरक्षेबाबत तक्रार कुणाकडे करायची, असल्या गोष्टींसाठीही कोर्स पुरतो. त्यासाठी माणसं गोळा करणं म्हणजे सगळ्यांचाच दिवस वाया. तुमचे स्वयंसेवक नेमकं काय करतात ते तुम्ही लिहिलेलंच नाही. फोनवर बोलण्याचं किंवा लिहिण्याचं काम असेल तर माझं निम्मं उत्तर तुम्हाला लागू नाही.

आणि सरांबद्दल एक राहिलं. ते लबाड नव्हते. फंडरच्या फॉर्मवर रकानाच तेवढा होता, आणि तो नीट भरला नसता तर पुढच्या वर्षी माझाही पगार निघाला नसता. हे तेव्हा मला कळत नव्हतं. तरी मुद्दा माझाच बरोबर होता. तुम्ही मात्र करार व्हायच्या आधीच फंडरशी बोला आणि 'किती जणांनी कोर्स पूर्ण केला' याच्या शेजारी 'किती जणांचं काम प्रत्यक्ष पाहिलं' असा एक रकाना घालून घ्या. करारावर सह्या झाल्यावर कुणी ऐकत नाही.

आता प्लॅटफॉर्म. मूडल हे कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर 2002 पासून आहे, मोफत आहे, भरवशाचं आहे. पण सर्व्हर, बॅकअप आणि अपडेट बघायला हक्काचा माणूस नसेल तर चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला होईल. नेट जिथे धड चालत नाही तिथे कोलिब्री बघा. एका छोट्या कॉम्प्युटरवर सगळं साठवायचं आणि आसपासच्या फोनना नेटशिवाय दाखवायचं, अशी त्याची रचना आहे. दोन्ही जमण्यासारखं नसेल तर 25-25 जणांचे गट करून फोनवरच सुरू करा. काहीही घेतलंत तरी मूळ व्हिडिओ आणि मजकूर स्वतःकडे ठेवा. एडएक्ससारखा ना-नफा प्लॅटफॉर्मसुद्धा 2021 साली 80 कोटी डॉलरना एका कंपनीकडे गेला.

गटावर व्हिडिओ मागवलेत तर ते स्वयंसेवकांचे एकमेकांवर सराव करतानाचेच असू देत, रुग्णाचे नकोत. आमच्याकडे एकीने उत्साहात घरातल्या आजींचा टाकला होता. तो 24 जणांच्या फोनवरून पुसायला मला दोन दिवस लागले, आणि आजींच्या मुलाला तोंड दाखवायला त्याहून जास्त.