वेगाचा तक्ता बाजूला ठेव, आधी काम बघ

अंबाजोगाईच्या भावा, "विमानांचे वेग पाठ होतात, पण कोणतं कशासाठी ते ध्यानात राहत नाही, आणि मुलाखत तोंडावर आलीय" हे तुझं वाचलं आन् आमच्या क्लासची झेरॉक्सच आठवली. फायटर, ट्रान्सपोर्ट म्हणजे काय ते तुला येतच असणार, ते सोडतो.

आपल्याकडच्याच एका क्लासनं (नाव घेत नाही, उगं भांडण नको) फी आधीच पूर्ण घेतली आणि हातात एक तक्ता दिला. विमान, देश, वेग. संपलं. त्यात मिग-२५ सगळ्यात वर, 'सर्वात वेगवान लढाऊ विमान'. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, एवढं वेगवान होतं तर आपण त्याला लढायला का नाही वापरलं? आता तक्त्यात काय सापडणार, कप्पाळ? आपल्या हवाई दलात ते टेहळणीला होतं. खूप उंचावरून फोटो काढायचे आणि कुणी गाठायच्या आत परत यायचं, त्यासाठी तो वेग. २००६ मध्ये ते निवृत्त झालं, तक्त्यात मात्र सेवेतच! सरांना दाखवलं तर म्हणे, "एवढ्या खोलात कुणी विचारत नसतं." अहो, विचारलं म्हणूनच तर आलो ना तुमच्याकडं! फी परत मिळाली नाही, हे सांगायलाच नको.

म्हणून माझं मत (मी हवाई दलात नाही, जाणकारांनी चुकलं तर सांगावं): प्रसंग धर, विमान आपोआप ध्यानात राहतं. कारगिल, १९९९. खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्रानं आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. मग त्या माऱ्याच्या वरून उडत लेझरनं नेम धरून बॉम्ब टाकणारं मिराज-२००० कामी आलं. २०१३ मध्ये लडाखच्या दौलत बेग ओल्डीला, १६ हजार फुटांच्या वर, सी-१३०जे हे मालवाहू विमान उतरलं. सी-१७ त्याच्या कितीतरी पट वजन नेतं, पण आखूड, कच्च्या धावपट्टीवर सी-१३०जे सोयीचं. जग्वार खालून, जमिनीलगत घुसून मारा करायला. आयएल-७८ हवेतच इंधन भरून देतं, त्यामुळं सुखोईचा पल्ला वाढतो. हे माझ्या मते वेगापेक्षा दहापट महत्त्वाचं, पण क्लासवाले टँकर शिकवतच नाहीत, दिसायला भारी नसतो ना!

'नेत्र' आणि 'फाल्कन' (हवेतूनच रडारनं लांबची विमानं हेरणारी आपली विमानं) यांतला फरक मात्र करून जा. नेत्रचं रडार २४० अंशांत बघतं, फाल्कनचं चहूबाजूंनी.

आणि कुठल्या नोट्समध्ये मिग-२१ अजून सेवेत दिसलं तर त्या नोट्स रद्दीत घाल. सप्टेंबर २०२५ मध्ये चंडीगडला त्याला निरोप दिलाय.