अंजुमन आणि जमात

एका वाचकाने विचारले आहे : मुंबईच्या 'अंजुमन-ए-इस्लाम' या शिक्षणसंस्थेला एका लेखात 'मुस्लिम जमात' म्हटले होते, ते बरोबर आहे का? 'अंजुमन' हा शब्द अरबी 'जमा'वरूनच आला ना? आणि इंग्रजी अमदानीत मुसलमानांनी इतक्या अंजुमनी काढल्या, तर १९०६ साली 'मुस्लिम लीग' ही राजकीय संघटना काढताना 'लीग' हा परका शब्द का घेतला?

आधी व्युत्पत्ती. 'जमा', 'जमात', 'जमाव', 'जुम्मा' हे सारे एका अरबी धातूचे गोत्र. 'अंजुमन' त्यात बसत नाही. त्यातला 'जम' ऐकून तसे वाटणे साहजिक आहे, पण हा शब्द अस्सल इराणी आहे. अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, त्याचे रूप 'हंजमन' असे आहे. संस्कृतातला 'स' तिकडे 'ह' होतो (सप्त-हप्त, सिंधू-हिंदू), म्हणून 'हं' म्हणजे आपला 'सम्'. उरला 'जमन', तो 'गम्' धातूचा. गम् चा ग आपल्याकडेही 'जगाम'मध्ये ज होतोच. म्हणजे हंजमन = संगमन, एकत्र येणे. पुढे फारसीत सुरुवातीचा ह गळला आणि अंजुमन उरले.

हे साम्य नुसते ध्वनींचे नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाला 'संगमनं जनानाम्' म्हटले आहे, माणसांना एकत्र आणणारा. अवेस्तेतल्या वेंदिदादात तोच यम 'यिम' होऊन येतो आणि माणसांची हंजमन भरवतो. दोन्ही परंपरांत त्याच राजाजवळ तोच शब्द टिकून राहिला आहे. मला स्वतःला या शब्दाचे सर्वात मोठे आकर्षण इथेच वाटते. पारशी समाजानेही तो जपला. सगळ्या समाजाची सभा म्हणजे 'समस्त अंजुमन', आणि मुंबईत धोबीतलावाजवळच्या एका अग्निमंदिराचे नावच 'अंजुमन आतश बेहराम'. तेव्हा अंजुमन म्हणजे धार्मिक संघटना, हा अर्थ शब्दात मुळीच नाही. त्याला सर्वात जवळचा मराठी शब्द 'सभा'. १८६५ साली लाहोरात निघालेली 'अंजुमन-ए-पंजाब' ही भाषा आणि विद्येच्या प्रसारासाठी होती, आणि तिच्या मुशायऱ्यांनी उर्दू कवितेला नवे वळण दिले.

आता जमात. मराठीत या शब्दाचा प्रवास वेगळाच झाला. 'अनुसूचित जमाती' म्हणताना आपल्याला त्याचा 'नमाजाची रांग' हा अरबी अर्थ आठवतही नाही. पण मुंबईच्या मुसलमानांत जमात म्हणजे आपापल्या बिरादरीची पंचायत : कोकणी मुसलमानांची वेगळी, मेमणांची वेगळी, खोजांची वेगळी. जमातीत माणूस जन्माने असतो. लग्न, दफन, मालमत्ता, भांडणतंटा हे तिचे काम. १८७४ साली स्थापन झालेली अंजुमन-ए-इस्लाम या सर्वांच्या वरची होती. बद्रुद्दीन आणि कमरुद्दीन तय्यबजी हे बंधू सुलेमानी बोहरा, तर त्यांचे सहकारी नाखुदा महंमद अली रोगे कोकणी. (नाखुदा म्हणजे नावेचा धनी; आपला 'नाखवा' त्याचाच.) निरनिराळ्या जमातींची माणसे शिक्षणासाठी एका ठिकाणी आली, म्हणून ती अंजुमन. तिला 'जमात' म्हटले की संस्थापकांनी जे नवे केले तेच पुसले जाते. चारच वर्षे आधी, १८७० साली, पुण्यात 'सार्वजनिक सभा' निघाली होती. तिथे जे काम 'सार्वजनिक' या शब्दाने केले, ते इथे 'अंजुमन'ने केले.

राहिला 'लीग'. त्या काळातल्या संस्थांची नावे ओळीने वाचली तर एक गोष्ट दिसते. जी संस्था आपल्या माणसांशी बोलते ती अंजुमन : मुंबईची, किंवा १८८४ सालची लाहोरची 'अंजुमन-ए-हिमायत-ए-इस्लाम', जिने शाळा आणि अनाथालये चालवली. जी संस्था सरकारशी बोलते तिचे नाव मात्र इंग्रजी. कलकत्त्यात नवाब अब्दुल लतीफांनी १८६३ साली काढली ती 'महामेडन लिटररी सोसायटी'. सय्यद अमीर अली यांची, १८७७ च्या सुमाराची, ती 'नॅशनल महामेडन असोसिएशन'. नोकऱ्यांत मुसलमानांना वाटा मिळावा म्हणून तिने १८८२ साली व्हाइसरॉय लॉर्ड रिपनकडे निवेदन दिले. अर्ज इंग्रजीत, म्हणून सहीखालचे नावही इंग्रजीत.

'काँग्रेस' शब्दावरून तर उघड वाद झाला. सर सय्यद अहमद खानांनी १८८६ साली अलीगढात 'महामेडन एज्युकेशनल काँग्रेस' भरवली. १८९० साली त्या 'काँग्रेस'ची 'कॉन्फरन्स' झाली. मध्यंतरी, १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय काँग्रेसचे अध्यक्षपद मुंबईच्या अंजुमनचेच तय्यबजी भूषवत होते. त्यांना लिहिलेल्या पत्रात सर सय्यदांनी 'नॅशनल काँग्रेस' या शब्दांचा अर्थच आपल्याला कळत नाही, असे म्हटले. नामांतराचा या वादाशी संबंध असावा, असे मला वाटते.

पुढे १ ऑक्टोबर १९०६ रोजी आगाखानांच्या नेतृत्वाखाली ३५ जणांचे शिष्टमंडळ सिमल्यात व्हाइसरॉय लॉर्ड मिंटोंना भेटले आणि वेगळ्या प्रतिनिधित्वाची मागणी केली. त्याच डिसेंबरात एज्युकेशनल कॉन्फरन्ससाठी सारे ढाक्यात जमले असताना, ३० तारखेला, लीग जन्मली. ढाक्याचे नवाब सलीमुल्ला यांच्या योजनेत आधी 'कॉन्फेडरसी' हा शब्द होता. म्हणजे निवड दोन इंग्रजी शब्दांतच होती, अंजुमन स्पर्धेत नव्हतीच. 'लीग' लॅटिन 'बांधणे' या धातूचा. संगमनात माणसे येतात आणि जातात. लीगमध्ये ती करारासारखी बांधली जातात. शिक्षणसभेकडून वेगळ्या मतदारसंघाच्या मागणीकडे निघालेल्यांना 'लीग' हा शब्दच जवळचा वाटला असेल. १९०९ च्या कायद्याने ती मागणी मान्य झाली.

अंजुमन आपल्या जुन्या कामातच राहिली. १९०३ साली उर्दूच्या प्रसारासाठी निघालेल्या 'अंजुमन तरक्की-ए-उर्दू'चा कारभार मौलवी अब्दुल हक यांनी बरीच वर्षे औरंगाबादेतून पाहिला, हे मराठी वाचकांना ठाऊक असायला हवे.

लिहिताना शब्द स्त्रीलिंगी ठेवावा, उर्दूतही तो स्त्रीलिंगीच आहे : ती अंजुमन, अंजुमनने, अंजुमनच्या, अनेक अंजुमनी. मधला '-ए-' फारसीतली षष्ठी आहे, म्हणून 'अंजुमन-ए-इस्लामची संस्था' असे न लिहिता नुसते 'अंजुमन-ए-इस्लाम' पुरे. आणि 'जमात' हा शब्द खऱ्या जमातींसाठी राखून ठेवावा.